सम्राटाला खांदा

तांदळाच्या सट्ट्यात बुडालेल्या जोशुआ नॉर्टनने १८५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःला अमेरिकेचा सम्राट म्हणून जाहीर केले. निळा लष्करी डगला, टोपीत पिसे आणि हातात काठी अशा थाटात तो वीस वर्षे शहरभर हिंडला. वर्तमानपत्रे त्याची फर्माने छापत, दुकानदार त्याने काढलेल्या नोटा घेत. १८६७ मध्ये एका पोलिसाने त्याला वेडा ठरवण्यासाठी पकडले, तेव्हा शहर खवळले आणि पोलीसप्रमुखाने माफी मागून त्याला सोडले. त्या शहराचे मोठेपण मला इथेच दिसते.

८ जानेवारी १८८० रोजी तो रस्त्यात कोसळून मरण पावला. खोलीत किडूकमिडूकच सापडले. बेवारशासारखे पुरायची वेळ आली असती. पण व्यापाऱ्यांच्या क्लबने वर्गणी काढून चांगल्या लाकडाची शवपेटी आणली आणि अंत्यदर्शनाला हजारो लोक लोटले, श्रीमंतही आणि फाटकेही. १९३४ मध्ये त्याच्या अस्थी कोल्मा येथे हलवल्या गेल्या, त्याही सन्मानाने.

वाचकहो, आपल्या गावातल्या अशा माणसाबद्दल आम्हाला लिहा. त्याची टिंगल नको. त्याला जेवू कोण घालत होते आणि शेवटी खांदा कोणी दिला, ते लिहा.