तुमचे ट्रिलियन, आमचा सातबारा

विद्यापीठाच्या गेटवर संध्याकाळी चहाला उभं राहा. दोन पार्ट्या पडलेल्या दिसतील, आणि दोन्हीकडं आपलीच पोरं. एक म्हणतो, देश सुसाट सुटलाय, पाच ट्रिलियन डॉलर, खमका नेता पाहिजे होता तो मिळाला. दुसरा म्हणतो, सगळं विकून खाल्लं. नेहरूंचं सरकारी क्षेत्र होतं तेव्हाच बरं होतं. कॉलर धरायची तेवढी बाकी राहते. दोघंही एमए, नेट. दोघंही तासिका तत्त्वावर. चहा उधारीवर.

मित्रहो, दोघांनाही सुनवायचं आहे.

पहिल्यानं बिडकीनला जाऊन यावं. शेंद्रा-बिडकीन मिळून दहा हजार एकरांची ऑरिक सिटी. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करनं राज्य सरकारशी वीस हजार कोटींचा करार केला. येऊ देत कारखाने! आम्ही धुराड्याचे दुश्मन नाही. १९८० च्या दशकात वाळूजला बजाज आलं तेव्हा आपल्यातल्या कितीकांनी पाटलाच्या दारची सालदारी सोडली. पगाराचं पाकीट घेताना जोहार घालावा लागत नाही, हे तिथंच कळलं. हे नाकारील तो खोटारडा.

पण बिडकीनची जमीन गेली तेव्हा मोबदला कुणाला? सातबाऱ्यावर नाव त्याला. त्याच रानात जन्मभर खुरपं चालवणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. केंद्राच्या २०१३ च्या कायद्यानं तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेला भूमिहीन मजूरही बाधित धरला. पण एमआयडीसी जमीन घेते ती राज्याच्या १९६१ च्या कायद्यानं. झालं! आता त्या बाईचा पोरगा ठेकेदाराच्या वहीत नाव लिहायला गेटवर उभा. खाजगीत आरक्षण नाही, कायम नोकरीचं तर नावच काढू नका. विषमतेचा अभ्यास करणाऱ्यांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला, की देशातल्या वरच्या एक टक्क्याकडं चाळीस टक्के संपत्ती. आणि सरकार स्वतःच सांगतं, ऐंशी कोटींना फुकट धान्य देतो. मग सुसाट सुटलंय ते कोण?

आता दुसऱ्या शहाण्याकडं. जायकवाडीची पायाभरणी शास्त्रींनी १९६५ ला केली, उद्घाटन इंदिराबाईंनी १९७६ ला. पाणी कालव्यानं आलं. ज्याला रान होतं त्याच्या रानात गेलं. १९७१ ला 'गरिबी हटाओ', आणि १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-बाया खडी फोडत होत्या. भूमिहीनांसाठी १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी देशभर जेलं भरली, तेव्हा सरकार समाजवादाचंच नाव घेत होतं ना? जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. तेव्हा बँका सरकारी होत्या, पोलाद सरकारी होतं. गावची जमीन मात्र जातदांडग्यांची होती, म्हणून काडी लावायची हिंमत झाली. कसला सोनेरी काळ आठवतोस बाबा?

नेत्यांचं तर विचारूच नका. २०२३ साली राज्यानं कंत्राटी भरतीचा जीआर काढला, बोंब उठल्यावर महिन्या-दीड महिन्यात मागं घेतला. मग पाप कुणाचं यावर दोन्ही बाजू भांडल्या. दोघांच्याही राजवटीत कंत्राटावर माणसं घेतली होती, म्हणून भांडण रंगलं.

बाबासाहेबांनी १९४७ ला 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये काय मागितलं होतं? शेती राज्याच्या मालकीची, सामुदायिक. जमीन जात न बघता कसायला द्यायची, म्हणजे जमीनदारही नाही, कूळही नाही, भूमिहीनही नाही. मूलभूत उद्योग आणि विमा राज्याचा. आणि हे सगळं घटनेत लिहा म्हणाले, येणाऱ्या-जाणाऱ्या बहुमताच्या मर्जीवर सोडू नका. नेता चांगला निघेल या भरवशावर तो माणूस एक मिनिट थांबला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला. आणि आपली पोरं गेटवर, त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाच्या गेटवर, माझा नेता की तुझा नेता यावर गळा फोडतात. लाज वाटते राव.

१९९१ च्या जीआरनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची आपल्या लोकांची गायरान अतिक्रमणं नियमित करायची होती. तुझ्या गावात किती झाली? तहसीलला जाऊन विचारलंस कधी?

रविवारी गेटवर भेटू. येताना गावाकडचा सातबारा घेऊन या. ज्याच्याकडं नसेल त्यानं मोकळ्या हातानं यावं, गायरानाचा अर्ज तिथंच बसून लिहू.