खो देणे आणि खो घालणे

दिवाळीच्या सुट्टीत नात पुण्याहून अणदूरला आली होती. तिने यंदा अकरावीला तेथे प्रवेश घेतला आहे. येथे असताना शाळेच्या खो-खो संघात खेळणारी आणि बोलण्यात कोणाला न हार जाणारी ही मुलगी. पहिल्या दिवशी वर्गात इंग्रजीतून परिचय देताना ती ‘आय प्ले स्विमिंग’ म्हणाली आणि वर्ग हसला. तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलेले नाही. संघाच्या निवड चाचणीसही नाव द्यायला ती कचरते; कारण तेथेही परिचय इंग्रजीतच द्यावा लागतो.

हे तिने सांगितले तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. मी कुलूप लावीत होतो. विचारले, “बाळ, आपण आता काय केले?”

“दुकान बंद केले, आजोबा.”

“बंद नव्हे, वाढवले. व्यापाऱ्याच्या तोंडी ‘बंद’ शोभत नाही. आता हे कोणत्या व्याकरणात लिहिले आहे, सांग.”

वाचकहो, शब्दांच्या जोड्या अशाच वहिवाटीने ठरतात. आपण सूर्यनमस्कार घालतो, जोर काढतो, बैठका मारतो. तिन्ही व्यायामच; पण ‘बैठका घातल्या’ म्हणणाऱ्याला तालमीत कोणी पहिलवान समजणार नाही. पतंग उडवायचा, फुगडी घालायची, गप्पा मारायच्या, दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी काढायची. इंग्रजांनीही त्यांच्या जोड्या ठरविल्या आहेत. त्यांत हसण्यासारखे काही नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर या जोड्या मांडल्या. ज्यात डाव असतो, हार-जीत असते, तेथे बहुधा ‘प्ले’ : क्रिकेट, कॅरम, बुद्धिबळ, पत्ते. ‘इंग’ने संपणाऱ्या हालचालींना ‘गो’ : स्विमिंग, सायकलिंग, ट्रेकिंग. योगासने, कराटे, जिम्नॅस्टिक्स यांना ‘डू’. आपली मुले चुकतात ती मराठीमुळेच. आपल्याकडे मूल सायकल ‘खेळते’, पाण्यात ‘खेळते’. म्हणून ‘प्ले’ ओठांवर येतो. ‘पोहायला जाते’ यातील ‘ला’ मनात राहतो, म्हणून ‘गो टु स्विमिंग’ होते. तो ‘टु’ गाळावा. तबला मात्र आपण वाजवतो, आणि तेथे इंग्रज पुन्हा ‘प्ले’ म्हणतो. वर कबड्डीला न लागणारा ‘द’ तबल्याला लावतो : ‘प्ले द तबला’. याचे कारण मला विचारू नये.

आणखी एक चूक मोठ्यांच्याही तोंडी असते : ‘वुई वन देम’. सामना जिंकायचा तो ‘विन’. प्रतिस्पर्ध्याला हरवायचे ते ‘बीट’. गंमत अशी, की मराठीत संघ हरतो आणि चेंडू हरवतो; इंग्रजीत दोन्हींना एकच ‘लूज’ पुरतो.

मग नात म्हणाली, “आणि खो?”

खो-खोचे नियम लेखी बांधण्याचे काम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली हाती घेतले. आज या खेळाच्या इंग्रजी नियमांत ‘गिव्ह खो’ असेच शब्द आहेत. आपला ‘खो’ गेला तो आपले ‘देणे’ सोबत घेऊन गेला. क्रियापद बदलले तर काय होते, हे मराठी माणसास सांगावयास नको. खो देणे म्हणजे बसलेल्या गड्याला उठवून धावावयास लावणे. खो घालणे म्हणजे चालत्या कामात आडवे येणे. वर्गातील त्या हसण्याने नेमके हे दुसरे काम केले होते, आणि ते मला अधिक लागले.

आपल्याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी 2016 च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले. 2020 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, तोही भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकला. ही नावे नातीला माझ्याहून अधिक पाठ आहेत.

भाऊबीज झाल्यावर ती परत गेली. वही तिने बॅगेत ठेवली आणि जाताना एवढेच विचारले, की ‘मी चांगली पळते’ याला ‘गुड रनर’ चालेल ना. चालेल, म्हटले. खो-खोत तर पळणाऱ्या गड्याला ‘रनर’च म्हणतात. निवड चाचणी येत्या रविवारी आहे.