बंबाला थर्मोस्टॅट बसवण्याआधी

कोल्हापूर हे वसतिगृहांचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून येथे वसतिगृहे काढली आणि बाहेरगावच्या मुलांची शिक्षणाची सोय केली. तेव्हापासून एक साधा प्रश्न या गावाला चिकटला आहे : पहाटे शंभर मुले एकदम अंघोळीला निघाली, तर पाणी तापवायचे कसे? आता गच्चीवर सौर तापक आले, गॅस आला. पण आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि मग मागच्या अंगणात लाकडावरचा बंब पेटवावा असे कोणालाही वाटते. त्यात एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, ‘‘सर, याला थर्मोस्टॅट आणि पंप जोडू या. पाणी तापले की पंप आपोआप सुरू होईल आणि टाकीत फिरत राहील.’’

कल्पना चांगली आहे. मात्र वायर जोडण्याआधी थोडा हिशोब करावा, असे आमचे मत आहे.

प्रत्येकी १५ लिटर धरले तर शंभर मुलांना १,५०० लिटर पाणी लागेल. ते २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायचे, म्हणजे ३०,००० किलोकॅलरी उष्णता हवी. एक किलो वाळलेले लाकूड सुमारे ३,५०० किलोकॅलरी देते. पण त्यातली निम्म्याहून अधिक धुराड्यातून निघून जाते असे समजा, आणि पाण्याला १,४०० मिळतात असे धरा. म्हणजे २१-२२ किलो लाकूड झाले. हे पाणी एका मोठ्या टाकीत राहील, जाळाभोवतीच्या भांड्यात फक्त ५० लिटर असेल आणि पंप ते पाणी टाकीतून फिरवत ठेवील.

आता थर्मोस्टॅट कोणता आणायचा? बाजारात सहज मिळतो तो विजेच्या गीझरचा. येथेच पुष्कळांची फसगत होते. गीझरचा थर्मोस्टॅट पाणी तापले की वीज तोडतो, कारण त्याला तापक बंद करायचा असतो. आपल्याला तर पाणी तापल्यावर पंप सुरू करायचा आहे! तोच थर्मोस्टॅट जशाच्या तसा पंपाच्या वायरीत घातला, तर पाणी गार असेपर्यंत पंप फिरेल आणि ऐन कढत झाल्यावर थांबेल. तापल्यावर जोडणारा थर्मोस्टॅट वेगळा असतो, तो मागून घ्यावा लागतो. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की तापताना एक जास्त प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते, हे तुम्ही पुस्तकात वाचले आहे. पितळ लोखंडापेक्षा दीडपटीहून अधिक प्रसरण पावते. वाकलेली पट्टी टोकाला जोडायची की सोडवायची, हे टोक कोणत्या बाजूला ठेवले त्यावर अवलंबून आहे. सगळी गंमत तेवढ्यातच आहे.

शिवाय सुरू होण्याच्या आणि बंद होण्याच्या तापमानांत अंतर हवे. ६० अंशांना सुरू आणि ५० ला बंद, असे काहीतरी. दोन्ही एकच ठेवले तर पंप सारखा चालू-बंद होत जळून जाईल. पट्टी बसवायची ती भांड्यातून गरम पाणी बाहेर पडते त्या वरच्या नळीवर, खालच्या गार नळीवर नव्हे. अंघोळीची जागा ओली असते, म्हणून फेजचीच तार तोडली जाईल अशी जोडणी, पक्के अर्थिंग आणि गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, ही कामे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावीत. विद्यार्थ्यांनी आकृती काढावी, पेचकस त्याच्या हातात द्यावा.

इतके सगळे बिनचूक झाले, आणि वीज गेली तर?

गीझरची वीज गेली की पाणी गार होत जाते. काही बिघडत नाही. बंबाचे तसे नाही. पंप थांबतो, पण लाकूड थांबत नाही. भांड्यातले ५० लिटर पाणी ८० अंशांवर आहे असे समजा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. तेथपर्यंत जायला ९०० किलोकॅलरी पुरतात. वरच्या हिशोबाने हे एक किलोपेक्षाही कमी लाकडाचे काम, आणि जाळात पाच किलो असेल! पाणी उकळते, आणि एका लिटरची दीड हजार लिटरांहून अधिक वाफ होते. नळ्यांवर कोणी व्हॉल्व्ह बसवून ते बंद केले असतील, तर त्या वाफेने जायचे कोठे?

आपल्या भागातल्या गुऱ्हाळात हे शहाणपण जुने आहे. चुलवाणावरच्या काहिलीतला रस ११५ अंशांच्या पुढे गेला की गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून पाहतो. त्याचा डोळा हाच तेथला थर्मोस्टॅट. गूळ झाला असे त्याने सांगितले की पेटलेला चुलवाण कोणी विझवत बसत नाही. काहील उतरवतात आणि वाफ्यात ओततात. लाकडाच्या जाळाला बटण नसते, म्हणून हलवायची ती काहील.

आजीच्या तांब्याच्या बंबातही असेच डोके वापरले आहे. कित्येक बंबांत गार पाणी ओतायचे नरसाळे तळापर्यंत जाते आणि तोटी वर असते. एक तांब्या गार ओता, तेवढेच कढत बाहेर येते. ओतल्याशिवाय मिळतच नाही. त्यामुळे भांडे कधी कोरडे पडत नाही, आणि नरसाळ्याचे तोंड उघडे असल्याने वाफही कोंडत नाही. याला वीज लागत नाही की वायर. आम्हाला तर हा बंब पुष्कळ नव्या यंत्रांपेक्षा हुशार वाटतो.

तेव्हा पंप जोडायचाच असेल, तर आधी तीन गोष्टी व्हाव्यात. भांड्याच्या माथ्यावरून एक नळी उघड्या हवेत वर न्यावी आणि तिच्यावर कसलाही व्हॉल्व्ह बसवू नये. टाकी शक्य तर बंबाहून उंच ठेवावी. ८० अंशांचे पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम हलके असते. एवढ्या फरकाने ते आपण होऊन वर चढते आणि गार पाणी खाली येते. गच्चीवरच्या बहुतेक सौर तापकांत पंप नसतो, तो याच कारणाने. मग वीज गेली तरी अभिसरण मंदपणे चालू राहते. पंपाने वाट अडू नये म्हणून त्याच्या बाजूने एक मोकळी नळी ठेवावी आणि पंप चालू असताना तिच्यातून पाणी उलटे फिरू नये असे एकाच दिशेने उघडणारे झाकण तिला लावावे. तिसरी गोष्ट हवेच्या झडपेची. विद्युतचुंबकाने ती उघडी धरावी, म्हणजे वीज जाताच ती स्वतःच्या वजनाने बंद होते आणि जाळ मंदावतो.

मात्र ही झडप संकटापुरती असू द्या. रोज झडप मिटून जाळ कोंडत ठेवला, तर लाकूड नीट जळत नाही आणि नुसता धूर होतो. अमेरिकेत घराबाहेर ठेवलेल्या अशाच बॉयलरांच्या धुराबद्दल इतक्या तक्रारी झाल्या, की २०१५ साली तेथील केंद्र सरकारला नव्या बॉयलरांच्या धुरावर मर्यादा घालावी लागली. मोठी टाकी आणि थोडा वेळ, पण लख्ख पेटलेला जाळ, हीच पद्धत आम्हाला बरी वाटते.

विज्ञान प्रदर्शनांत थर्मोस्टॅटचे नमुने दरवर्षी मांडले जातात. मेणबत्ती धरली की पट्टी वाकते, दिवा लागतो, टाळ्या होतात आणि परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळतात. शिक्षकांना आमची विनंती आहे, की परीक्षकांनी नमुना चालू असताना पहिल्यांदा त्याची पिन उपटावी, आणि विद्यार्थ्याला विचारावे, ‘‘आता सांग, तुझे यंत्र काय करील?’’ निम्मे गुण या उत्तराला द्यावेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरच्या अनेक भागांत वीज बंद होती. हा प्रश्न येथल्या मुलांना अवघड वाटू नये.