एका बोटाची नोंद

आमच्या हैदराबादेतील मराठी घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. घरातील मुलगी किंवा सून 'मेडिकल कोडिंग'च्या कचेरीत नोकरीस लागते. परंतु ती तेथे नेमके काय करते, हे काचीगुडा, सुलतान बाजार भागांतील जुन्या कुटुंबांतल्या वडीलधाऱ्यांस उमगत नाही. 'अमेरिकेतील रुग्णांचे कागद वाचते आणि आकडे घालते,' एवढे उत्तर मिळते, आणि ते काम कारकुनी ठरून जाते. या आकड्यांमागे एक मोठी जबाबदारी आहे, असे आमचे मत आहे. ती समजून घेण्यास हाताचे एक बोट पुरे आहे.

हाड मोडले म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे पडणे, आपटणे, दारात बोट चेंगरणे येते. परंतु हाडावर तोच तो ताण पुनःपुन्हा पडत राहिला आणि झीज भरून निघण्यास उसंत मिळाली नाही, तर कोणताही अपघात न होता त्यास बारीक तडा जातो. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने, लांबच्या कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पावलांचे वर्णन केले. त्या सुजेखाली हाडाचा तडा असतो, हे १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उघड झाले. हा विकार मुख्यत्वे पायांचा. बोटांत तो विरळा. तथापि बोटांच्या बळावर देहाचा भार तोलून खडक चढणाऱ्या खेळाडूंत, विशेषतः वाढत्या वयाच्या मुलांत, तो आढळतो, आणि तोही बहुधा मधल्या बोटात.

रोगांस क्रमांक देण्याची पद्धतही जुनीच आहे. १८९३ मध्ये फ्रान्सच्या जाक बेर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तीत आजारांनाही स्थान मिळाले. याच यादीची विस्तारित आवृत्ती अमेरिकेतील रुग्णालये वापरतात. तेथील जुन्या आवृत्तीत बोटाच्या अशा तड्यास स्वतंत्र घर नव्हते; 'इतर हाडे' म्हणून ७३३.९५ या एकाच क्रमांकात त्याची बोळवण होई. उजवा हात की डावा, हेही त्यातून कळत नसे. १ ऑक्टोबर २०१५ पासून नवी आवृत्ती लागू झाली. आता उजव्या हाताच्या बोटांस एम८४.३४४ आणि डाव्या हाताच्या बोटांस एम८४.३४५ हे क्रमांक आहेत. कोणत्या हाताचे बोट ते लिहिलेलेच नसेल, तर एम८४.३४६. अपघाताने मोडलेल्या बोटाचा क्रमांक एस या अक्षराने सुरू होतो. हाड आधीच एखाद्या रोगाने पोखरले असेल, तर त्याची वर्गवारी आणखी निराळी.

शेवटी सातवे अक्षर येते. सक्रिय उपचार चालू असता ए, हाड नेहमीप्रमाणे सांधत असता डी, सांधण्यास विलंब लागला तर जी, न सांधल्यास के, वाकडे सांधल्यास पी आणि मागे राहिलेल्या परिणामांसाठी एस. नवशिके 'ए' म्हणजे पहिली भेट असे समजतात. तसे नाही. रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला आणि उपचार अद्याप चालूच असले, तरी 'ए'च लिहावयाचा असतो.

आता खरी कसोटी पाहू. असला तडा आरंभीच्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही. तो दिसू लागण्यास दोन-तीन आठवडेही लागतात. त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टर लिहितात, 'तडा असावा असा संशय.' बाह्यरुग्ण विभागाचा नियम असा की, संशयास निदानाचा क्रमांक द्यावयाचा नाही. अशा वेळी केवळ 'उजव्या बोटाचे दुखणे' म्हणून एम७९.६४४ हा क्रमांक पडतो. रुग्णालयाचे देयक विमा कंपनी या क्रमांकांच्या आधारेच तपासत असल्याने वजनदार क्रमांक घालण्याचा मोह होणे अशक्य नाही. परंतु एकदा पडलेला क्रमांक रुग्णाच्या नोंदीत राहतो. जो तडा नंतर ठरलाच नाही, तो कागदावर मात्र त्याच्या मागे लागतो. कोडिंग करणाऱ्या मुलीस चित्र पाहून स्वतः निदान करण्याचा अधिकार नाही. लिहिलेले अपुरे वाटल्यास तिने डॉक्टरांस विचारावयाचे, आणि तेही उत्तर सुचविणार नाही अशा शब्दांत. हा संयम आम्हांस कारकुनी वाटत नाही.

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अपघाताने मोडलेल्या बोटाच्या क्रमांकात कोणते बोट आणि कोणते पेर, हे सारे येते. तड्याच्या क्रमांकात केवळ हात कळतो. बोट तर्जनी की मधले, हे त्यात मावत नाही. ते डॉक्टरांच्या टिपणात असेल तरच उरते. सात अक्षरे मोजणीस व हिशेबास उपयोगी खरी. परंतु पुढच्या डॉक्टरांस उपयोगी पडते ते टिपणच.

येथे आमच्या वाचकांचाही संबंध येतो. टिपण डॉक्टर लिहितात, पण त्यातील अर्धा मजकूर रुग्णाच्या तोंडून येतो. दुखणे कधीपासून, कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात, मार लागला होता की नाही, आणि ते हात रोज काय काम करतात, हे घरून निघतानाच मनाशी जुळवून ठेवावे. 'काही तरी लागले असेल' असे सहज बोलून जाऊ नये. अपघात विमा असेल तर 'अपघात झाला होता काय' हाच तेथे पहिला प्रश्न असतो, आणि न झालेला अपघात कागदावर चढणे कोणाच्याच हिताचे नाही. दवाखान्यातून परतताना हात व बोट बरोबर लिहिले आहे ना, हे वाचून पाहावे. चूक आढळल्यास संकोच न करता तेथेच सांगावी, आणि जुने कागद तारखेनुसार लावून ठेवावेत.

ज्या घरांतील मुली-मुलगे रोज परक्यांचे कागद इतक्या काळजीने वाचतात, त्या घरांत निदान आपले कागद वाचून देणारे माणूस तरी हाताशी आहे. वडीलधाऱ्यांनी पुढच्या वेळी आपली फाईल त्यांच्यापुढे ठेवावी आणि काय राहून गेले आहे, ते विचारावे.