चौदा वर्षांचा हिशेब

या अंकासाठी आलेल्या कथांच्या गठ्ठ्यात तीन नायक असे निघाले, की जे खुनाची शिक्षा भोगून बरोबर चौदा वर्षांनी घरी परततात. तिघेही ऐन दिवाळीत. वनवासाशी आकडा जुळतो म्हणूनही असेल, पण आम्हालाही आधी त्यात काही खटकलं नव्हतं.

जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गांधीहत्येच्या खटल्यात ही शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे यांनी माफीचे दिवस धरून आपली शिक्षा संपली, असा हिशेब सर्वोच्च न्यायालयापुढे मांडला होता. 1961 मध्ये तो फेटाळला गेला. पुढे 1964 मध्ये सरकारनेच त्यांना सोडलं, ही गोष्ट वेगळी. चौदा वर्षांची अट कायद्यात आली 1978 साली, तीही कमीत कमी म्हणून: खुनासाठी जन्मठेप झाली तर माफीचे दिवस न धरता निदान चौदा वर्षं आत काढायची, मग सरकारने वाटल्यास सोडावं.

सत्र न्यायाधीशाच्या हाती दोनच पर्याय, फाशी नाहीतर जन्मठेप. मधलं अंतर भरायला पंचवीस-तीस वर्षं सुटका नाही, असं बजावण्याचा अधिकार 2015 च्या घटनापीठाने मान्य केला, पण फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना.

एका जिल्हा न्यायालयात निकालाच्या दिवशी मी बसलो होतो. दोष सिद्ध झाल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, “शिक्षेबद्दल काही सांगायचंय?” आरोपी वकिलाकडे बघू लागला. मग म्हणाला, “घरी आई एकटी आहे, साहेब.” स्टेनोने ते एका ओळीत बसवलं. जेवणाच्या सुट्टीआधी जन्मठेप सुनावून झाली होती. फाशीचा विचार असेल तर आरोपीची पार्श्वभूमी, मनःस्थिती, तुरुंगातली वागणूक यांचे अहवाल मागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं. जन्मठेपेच्या माणसाला मात्र ती एक ओळच. बाकीचं वर्षानुवर्षांनी मंत्रालयातली फाईल ठरवणार. हे मला उलटं वाटतं.

तीनपैकी एक कथा घेतली आहे. लेखिकाबाईंना फोन करून चौदाची अडचण सांगितली. “मग त्याला दिवाळीला घरी आणू कसा?” त्या वैतागल्या. दोन दिवसांनी त्यांनीच तोड काढली. आता नायक संचित रजेवर, म्हणजे फर्लोवर येतो. बहीण ओवाळते, डब्यात चकल्या भरते, आणि तो पिशवीतला रजेचा कागद काढून परत जायची तारीख पुन्हा एकदा बघतो.