चहा किती, त्याआधी चहा केव्हा

पालघर जिल्ह्यातल्या एडवणच्या घरांतला सकाळचा चहा एकटा येत नाही. त्याच्याबरोबर तांदळाची भाकरी असते, नाहीतर टोस्ट. मासळी विकायला निघालेली बाई असो की वाडीत पाणी सोडायला गेलेला माणूस, दिवसाचा पहिला घास चहात बुडवलेला असतो. सफाळ्याची गाडी गाठायची घाई असली, की रक्तवाढीची लाल गोळीही त्याच कपाबरोबर गिळली जाते. आपण डॉक्टर, परिचारिका, आशाताई हे सगळे जाणतो. केसपेपरवर मात्र त्याची नोंद करत नाही.

१९७५ साली 'गट' या वैद्यकीय नियतकालिकात डिस्लर आणि सहकाऱ्यांनी चहा आणि लोहशोषणाचा प्रयोग प्रसिद्ध केला. भात आणि बटाटा-कांद्याचे सूप अशा साध्या जेवणाबरोबर चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण घटले. लोहक्षारांच्या द्रावणाचेही तेच झाले. चहातले टॅनिन लोहाला धरून न विरघळणारे संयुग बनवते. शिजवलेल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाला मात्र चहाने धक्का लावला नाही.

पालघरसाठी हा शेवटचा निष्कर्ष फार मोलाचा आहे. किनाऱ्यावर ताटात मासळी असते, आणि मासळीतल्या लोहाचा काही भाग हिमोग्लोबिनमधल्यासारखा, म्हणजे हीम स्वरूपाचा असल्याने चहाच्या तावडीतून सुटतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर भात, नागली, डाळ आणि वर कोरा चहा. तिथे जवळपास सगळे लोह वनस्पतीजन्य. चहा तोच, पण पाड्यावरच्या बाईचे नुकसान जास्त. सगळ्यांना एकच सल्ला देऊन भागत नाही ते यामुळे.

दूध घातले की दोष जातो, असे रुग्ण म्हणतात आणि आपल्यातलेही काही जण. हरेल आणि सहकाऱ्यांच्या १९९९च्या अभ्यासात पावाच्या न्याहारीबरोबरच्या काळ्या चहाने लोहशोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटवले, आणि दुधाने त्यात फारसा फरक पडला नाही. परसातला गवती चहा घातला तरी चहापत्तीतले टॅनिन तेवढेच राहते. चुलीवर उकळत राहिलेल्या चहात तर ते वाढतेच.

राज्यातल्या रक्तक्षयाचे खापर चहावर फोडू नये. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. अपुरे अन्न, जंत, मलेरिया, सिकलसेल, पाठोपाठची बाळंतपणे ही कारणे चहापेक्षा मोठी आहेत. आणि चहा काही शत्रू नव्हे. ब्रिटनमध्ये सुमारे पाच लाख लोकांच्या पाहणीत (२०२२) दिवसाला दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण चहा तोडायला सांगण्याचा आधार तर त्यात मुळीच नाही. पहाटे होडीवर जाणाऱ्याला 'चहा बंद' सांगितले, तर चहा बंद होत नाही. तो आपल्याकडे येणे बंद करतो.

म्हणून चहाची वेळ बदलायची. जेवण आणि चहा यांत एक तासाचे अंतर ठेवले तर लोहशोषणातली घट बरीच कमी होते, हे २०१७च्या एका प्रयोगात दिसले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहारमार्गदर्शनातही जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. सकाळी हे जमत नसेल तर लाल गोळी रात्री, जेवणानंतर, पाण्याबरोबर घ्यायला सांगा. भाकरीसोबत चहा हवाच असेल, तर दुपारच्या जेवणाला तरी तो नको, आणि त्या जेवणात लिंबू पिळायला सांगा.

सहकाऱ्यांनो, या महिन्यापासून हिमोग्लोबिनच्या आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहा: गोळी कशाबरोबर घेतली आणि चहा केव्हा प्याला. तीन महिन्यांनी तपासणी करून आपल्या नोंदी आमच्याकडे पाठवा. रुग्णांची नावे वगळून त्या या पानांवर छापू.