गोदी नसलेल्या स्कुटरी, जागा नसलेली माणसं

मी मुंबईच्या गोदीत माल चढवतो-उतरवतो. घर औरंगाबादला, 2023 पासून कागदोपत्री छत्रपती संभाजीनगरला. शिक्षण मॅट्रिक. इंग्रजी बेताचंच. पण 'डॉक' हा शब्द मला पंडितांपेक्षा जास्त कळतो.

कंपन्यांच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कुटरींना साहेबलोक 'डॉकलेस' म्हणतात. म्हणजे बिनगोदीच्या. मोबाइलवर उघडा, चालवा, काम झालं की फुटपाथला सोडा. आता ऐका दोस्तांनो, जहाज धक्क्याला लागलं की उभं राहण्याचंसुद्धा भाडं भरतं. मग स्कुटर फुटपाथवर नांगर टाकते, तिचं भाडं कोण भरणार? आमची म्हातारी, जी तिला वळसा घालून ट्रकखाली उतरते?

पॅरिसवाल्यांनी 2 एप्रिल 2023 ला मतदान घेतलं. तिथल्या स्कुटरी उभ्यानं चालवायच्या. शंभरातले सात-आठच मत द्यायला गेले, पण त्यातल्या 89 टक्क्यांनी 'नको' म्हटलं. सप्टेंबरपासून स्कुटरी बंद.

आपल्याकडं राज्य मंत्रिमंडळानं 1 एप्रिल 2025 ला ई-बाइक टॅक्सीला मंजुरी दिली. एक लाखावर वस्तीची शहरं तिच्यात येतात. आपलं शहर 2011 च्या जनगणनेतच अकरा लाखांवर. म्हणजे हा वाद आपल्या दारातला हाय.

कंपनी म्हणते, धूर कमी होईल. रिक्षावाला म्हणतो, माझ्या पोटावर पाय. पांढरपेशा म्हणतो, आमचा फुटपाथ मोकळा करा. सगळे बोलतात. पण गुलमंडीला, पैठण गेटला, शहागंजला ज्याची चूलच रस्त्याच्या कडेवर पेटते, त्याला कोणी विचारलं?

त्याच्यासाठी 2014 चा पथविक्रेता कायदा हाय. आधी सर्वेक्षण, तोवर कोणाला उठवायचं नाय. शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मोकळा फुटपाथ हा पादचाऱ्याचा घटनेच्या कलम 21 खालचा हक्क हाय. चांगलं झालं. पण हा निकाल हातात घेऊन फक्त केळीवाल्याचा गाडा उचलणार आणि कंपनीच्या स्कुटरींची रांग 'सुविधा' म्हणून ठेवणार, तर तो न्याय नव्हे. ती वर्णव्यवस्थाच हाय, बॅटरीवर चालणारी.

रस्ता आपल्यासाठी नुसता रस्ता कधीच नव्हता. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या कमरेला झाडू, गळ्यात मडकं. बाबासाहेबांनी 1936 ला हे लिहून ठेवलं. 1924 ला वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यानं नुसतं चालायला सत्याग्रह करावा लागला. एवढं सोसून मिळवलेला रस्ता ॲपवाल्याला फुकट द्यायचा?

माझं भांडण यंत्राशी नाय. मुंबईत आपलीच पोरं युलूच्या बारक्या गाड्या भाड्यानं घेऊन घरोघर जेवण पोचवतात. वेग ताशी 25, लायसन लागत नाय. गाडीचं भाडं पोराच्या खिशातून, आणि कंपनी त्याला म्हणते 'पार्टनर'. पार्टनर? नफ्यात वाटा कुठाय? पडला, हात मोडला, तर रोजी कुठाय?

आणि बिडकीन बघा. शेतकऱ्यांच्या गेलेल्या जमिनींवर वसलेल्या तिथल्या औद्योगिक पट्ट्यात एथर एनर्जीनं 2024 ला 2,000 कोटींचा कारखाना जाहीर केला. क्षमता वर्षाला 10 लाख गाड्या. जमीन मराठवाड्याची, राबणार मराठवाड्याचे हात. मग गाडी कुठं उभी करायची हे ठरवताना ते हात कुठं असणार?

म्हणून ह्या शहरात भाड्याच्या स्कुटरी आणायच्या तर आधी हे लिहून द्या :

फुटपाथवर एकही गाडी नाय. रस्त्याच्या कडेला जागा आखा, कारच्या पार्किंगमधून काढा.

प्रत्येक गाडीमागं कंपनीकडून जागाभाडं घ्या, आणि ते पैसे फुटपाथ बांधायला लावा.

पथविक्रेत्यांच्या जागा आधी. कंपनीची पाळी नंतर.

चालवणाऱ्या, चार्ज करणाऱ्या, उचलून नेणाऱ्या पोराला कामगार म्हणा. पगार, विमा, सुट्टी द्या.

हे कबूल नसेल तर कंपनीनं आपल्या स्कुटरी आपल्या बंगल्यात उभ्या कराव्या. वस्तीवस्तीतल्या पोरांनो, महानगरपालिकेच्या दारात हा कागद घेऊन जायचंय. गाडेवाल्यांना आणि रिक्षावाल्यांना बरोबर घ्या. त्यांना एकमेकांत झुंजवूनच ही जागा गिळली जाणार हाय.